‘शॅल’, ‘विल’ आणि ‘करीन’ : कुलाब्याच्या मातीतला भविष्यकाळ

रोह्याची सही

सहाव्या जॉर्जचे चित्र असलेली दहा रुपयांची जुनी नोट एखाद्या घरच्या पेटीत सापडली, तर राजाच्या चेहऱ्याआधी तिच्यावरची सही पाहावी. ती नोट १९४३ नंतरची असेल, तर सही बहुधा चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांची असते. रिझर्व्ह बँकेचे हे पहिले भारतीय गव्हर्नर. ११ ऑगस्ट १९४३ ते ३० जून १९४९ हा त्यांचा कार्यकाळ. जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. घर रोह्याचे, वडील रोह्यात वकिली करत. मुलाचे सुरुवातीचे शिक्षण रोहे-तळे भागात झाले. १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला क्रमांक आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, पुढे केंब्रिज, आणि १९१८ साली आय.सी.एस.च्या परीक्षेतही पहिला क्रमांक.

सहीच्या वर इंग्रजीत एक वाक्य छापलेले असते. धारकाला अमुक रुपये देण्याचे मी वचन देतो, अशा अर्थाचे ते वाक्य ‘आय प्रॉमिस टू पे’ या चार शब्दांनी सुरू होते. वाक्य सगळे पुढच्या काळाबद्दल आहे. पैसे आत्ता दिले जात नाहीत, मागितल्यावर दिले जातील. तरीही इंग्रजी शाळेत भविष्यकाळाची खूण म्हणून शिकवलेले ‘शॅल’ आणि ‘विल’ हे दोन्ही शब्द त्यात नाहीत. क्रियापद वर्तमानकाळी आहे. देणे पुढचे असले, तरी वचन देणे आत्ताचे आहे आणि ते सही होताक्षणी घडून गेले आहे. जे. एल. ऑस्टिन या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने १९५५ साली हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत अशाच वाक्यांची फोड केली. ‘मी वचन देतो’ असे म्हणणारा कशाचे वर्णन करत नसतो, तो बोलण्यातूनच एक कृती करत असतो. आपल्याकडच्या दस्तलेखकांना ही गोष्ट व्याख्यानावाचून ठाऊक होती. ‘लिहून देतो’ हा जुन्या खतांतला आणि रोख्यांतला शब्दप्रयोग वर्तमानकाळीच असतो. कर्ज फेडणे पुढचे, लिहून देणे आजचे.

देशमुखांच्या जन्माआधी चारच महिने, ११ सप्टेंबर १८९५ रोजी, याच जिल्ह्यात पेण तालुक्यातल्या गागोदे गावी विनायक नरहर भावे जन्मले. त्यांना पुढे जग विनोबा म्हणून ओळखू लागले. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा विद्यार्थी वाटेत सुरतेला उतरला आणि काशीला गेला. त्याआधी त्याने आपली प्रमाणपत्रे चुलीत घातली होती. एकाने इंग्रजी शिक्षणाची शेवटची पायरी गाठली, दुसऱ्याने पहिल्याच पायऱ्यांवर ते सोडून दिले. दोघांच्याही आयुष्यात पुढे वचनांचा मोठा व्यवहार आला. एकाचे वचन कागदी चलनाचे, दुसऱ्याचे जमिनीच्या दानपत्रांचे.

इंग्रजी भाषा पुढच्या गोष्टी कशा बोलते, हा प्रश्न वरवर शाळेच्या व्याकरणाचा वाटतो. पण आता रायगड म्हणवणाऱ्या या कुलाबा जिल्ह्यात तो प्रश्न जमिनीच्या कागदांत, कायद्यांच्या कलमांत आणि राजकीय आश्वासनांत पुन्हा पुन्हा आला. कोणते रूप वापरले, यावर कोणाच्या तरी शेताचे भवितव्य ठरले.

देणे आणि इच्छा

इंग्रजीला स्वतःचा, प्रत्ययाने होणारा भविष्यकाळ नाही. एक हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत वर्तमानकाळाचेच रूप पुढच्या काळासाठी चालत असे. संदर्भावरून कळे. नंतर दोन स्वतंत्र क्रियापदे हळूहळू साहाय्यक बनली. ‘शॅल’चा मूळ अर्थ ऋणी असणे, देणे लागणे. जर्मन भाषेत कर्ज आणि अपराध या दोन्ही अर्थांचा ‘शुल्ड’ हा शब्द त्याच कुळातला. ‘विल’चा मूळ अर्थ इच्छिणे. म्हणजे इंग्रजीचा भविष्यकाळ एका बाजूने कर्जातून आणि दुसऱ्या बाजूने इच्छेतून आला. तिसरी वाट चालण्यातून निघाली. ‘गोइंग टू’ हा प्रयोग आधी प्रत्यक्ष कुठे तरी जाण्याचा होता. पंधराव्या ते सतराव्या शतकांत तो जाण्यापासून सुटला आणि बेत सांगू लागला.

शॅल आणि विल यांची वाटणी करणारा प्रसिद्ध नियम जॉन वॉलिस याने १६५३ साली दिला. वॉलिस ऑक्सफर्डचा गणिती. अनंताचे आडव्या आठासारखे चिन्ह त्यानेच रूढ केले. इंग्रजी शिकू पाहणाऱ्या परकीयांसाठी त्याने लॅटिनमध्ये इंग्रजीचे व्याकरण लिहिले. त्यातला नियम असा : प्रथमपुरुषी ‘शॅल’ नुसते भाकीत सांगते आणि ‘विल’ वचन किंवा धमकी देते. द्वितीय आणि तृतीय पुरुषांत हेच उलटे होते, ‘विल’ भाकीत सांगते आणि ‘शॅल’ वचन किंवा धमकी देते. १७६२ साली बिशप लाउथने आणि १७९५ साली लिंडले मरेने आपापल्या व्याकरणांत तो नियम पुढे चालवला. मरेचे पुस्तक इंग्रजी साम्राज्यात सर्वत्र पोचले.

या नियमात एक गोष्ट दडलेली आहे. ‘तुला मिळेल’ हे वाक्य ‘शॅल’ने बोलले, की देणारा बोलणारा असतो. ऐकणाऱ्याची इच्छा त्यात नाही. मालकाने नोकराला, बापाने मुलाला, राजाने रयतेला बोलण्याची ही भाषा आहे. प्रथमपुरुषात मात्र ‘विल’ आले, की बोलणारा आपल्या इच्छेचा स्वामी होतो. हे बारकावे इंग्रजांनाही नीट सांभाळता येत नसत. बुडणारा स्कॉटिश किंवा आयरिश माणूस शॅल-विलची अदलाबदल करून ओरडतो आणि काठावरचे इंग्रज त्याची आत्महत्येची इच्छा समजून स्वस्थ उभे राहतात, असा जुना विनोद इंग्रजी शाळांत सांगितला जाई. १९२५ साली चार्ल्स फ्रीज या अमेरिकन अभ्यासकाने इंग्रजी नाटकांतले संवाद तपासून दाखवले, की प्रत्यक्ष बोलण्यात हा नियम व्याकरणात सांगतात तसा पाळला जातच नव्हता. ऑटो येस्पर्सनसारख्या भाषाशास्त्रज्ञांनी तर इंग्रजीत खरा भविष्यकाळ नाहीच, असे मत मांडले.

आमच्या मुलांना मात्र तो नियम परीक्षेसाठी पाठ करावा लागला. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांनी ‘मी जाईन’ला ‘शॅल’ आणि ‘तो जाईल’ला ‘विल’ लावले. चुकीचा लावला, की मार्क कापले जात. ‘जाईन’मध्ये भाकीत किती आणि निश्चय किती, हे मराठी वाक्याच्या क्रियापदात लिहिलेले नसते. मुलाला ते आधी स्वतः ठरवावे लागे.

मराठीच्या घरचा भविष्यकाळ

मराठीला प्रत्ययाचा भविष्यकाळ आहे. करीन, करशील, करील, करू, कराल, करतील. करी, करिसी, करिती अशा जुन्या वर्तमानकाळी रूपांना ‘ल’ जोडून यातली बरीचशी रूपे झाली, असे भाषेचे इतिहासकार मानतात. ‘करू’ला हा ‘ल’ लागलेला नाही. म्हणूनच ‘आपण उद्या बांध घालू’ हे वाक्य एकाच वेळी भविष्यही आहे आणि प्रस्तावही. गावकीच्या बैठकीत हे रूप ऐकू येते. इंग्रजीत त्यासाठी दोन वेगळी वाक्ये करावी लागतात.

विल्यम कॅरीने १८०५ साली श्रीरामपूरला मराठीचे व्याकरण इंग्रजीत छापले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली निघाले. त्याच्यापुढे नमुना इंग्रजी व्याकरणाचा, विशेषतः मरेचा होता. वर्तमान, भूत, भविष्य अशी काळांची मांडणी शाळेत पक्की झाली. पुढे १९११ साली मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आले. हे कवी केशवसुतांचे धाकटे बंधू. त्यांच्या ग्रंथातल्या विवेचनात क्रियापदांच्या रूपांना अर्थावरून नव्हे तर प्रत्ययावरून नावे आहेत. करील, करतील या रूपांचे नाव ‘ईलाख्यात’. हा भेद सूक्ष्म असला, तरी फार उपयोगाचा आहे. ‘तो आता घरी असेल’ या वाक्यात रूप भविष्यकाळाचे आणि गोष्ट या क्षणाची आहे. तो नुसता अंदाज आहे. इंग्रजीतही ‘विल’ हाच अंदाज करते. रूप आणि काळ वेगळे ठेवले, तरच हे नीट सांगता येते.

उलट बाजूने, पुढची गोष्ट मराठी कितीतरी प्रकारांनी सांगते. ‘तो येईल’ आणि ‘तो येणार आहे’ यांत फरक आहे. पहिल्यात अंदाज किंवा भरवसा, दुसऱ्यात ठरलेली गोष्ट. ‘येणार होता’ म्हटले की न आलेल्या माणसाची गोष्ट सुरू झाली. दिव्याहून पेणमार्गे रोह्याला जाणाऱ्या गाडीबद्दल ‘गाडी सात वाजता सुटते’ असे आपण म्हणतो. ती उद्याची असली, तरी वर्तमानकाळच. वेळापत्रकातले इंग्रजीही अगदी असेच बोलते, कारण वेळापत्रकात जे छापले त्याला कोणाची इच्छा किंवा अंदाज लागत नाही. हा मार्ग आपट्यापासून रोह्यापर्यंत १९८६ साली पूर्ण झाला आणि पुढे कोकण रेल्वेची सुरुवातही रोह्यापासून मोजली जाऊ लागली. गाडी सुटते की नाही, ही गोष्ट अर्थात वेगळी.

हाक मारल्यावर माजघरातून ‘आलोच!’ किंवा ‘आलेच!’ असे उत्तर येते. माणूस अजून उठलेलाही नसतो. भूतकाळाचे रूप, आणि अर्थ ‘लगेच येतो’. परक्याला ही गंमत वाटेल, पण पाणिनीने तिची व्यवस्था लावून ठेवलेली आहे. अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात त्याने दोन नियम दिले आहेत : वर्तमानाच्या लगतच्या काळासाठी वर्तमानकाळाचे प्रत्यय चालतात, आणि मनातली आशा बोलताना पुढच्या गोष्टीसाठी भूतकाळाचेही चालतात. त्याखेरीज त्याने भविष्याचे दोन प्रकार केले. सामान्य भविष्यासाठी लृट् आणि आजच्या दिवसात न घडणाऱ्या भविष्यासाठी लुट्. आज संध्याकाळचे आणि उद्याचे भविष्य वेगळ्या रूपांत बोलायचे, ही कल्पना इंग्रजी व्याकरणात कुठेच नाही. शंकरशेट शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्याला लुट्, लृट् आणि मरेचे शॅल-विल एकाच डोक्यात ठेवावे लागत असतील.

संस्कृत भविष्यकाळ ज्यांनी कधी शिकला नाही, त्यांच्याही कानावर तो दरवर्षी पडतो. पेणच्या कार्यशाळांतून निघालेला गणपती देशात आणि परदेशांत कुठेही गेला, तरी पूजेच्या सुरुवातीला यजमान संकल्प सोडतो आणि संकल्पाच्या शेवटी ‘करिष्ये’ येते. हातात पाणी घेऊन, तिथी, वार, ठिकाण आणि स्वतःचे गोत्र उच्चारून मग ‘करीन’ म्हणायचे. कोण, कुठे, कधी आणि काय, हे सारे त्यात आले. दीड, पाच किंवा दहा दिवसांनी त्याच गणपतीला निरोप देताना ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणतात. तिथे भविष्यासाठी आज्ञार्थ वापरला जातो. स्वतःच्या कर्तव्यासाठी ‘करीन’ आणि देवासाठी विनवणीचे ‘या’. मूर्ती घडवणाऱ्याला तर त्या ‘पुढच्या वर्षी’चे काम विसर्जन होताच थोड्या दिवसांत सुरू करावे लागते.

आश्वासनातले नाम आणि क्रियापद

२८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावला होमरूल लीग स्थापन झाली. त्या वर्षी बेळगाव आणि अहमदनगर येथे लोकमान्य टिळकांनी मराठीत केलेल्या भाषणांवरून सरकारने त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला. स्वतःचा वीस हजारांचा मुचलका आणि प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीनदार. मराठी भाषणे इंग्रजीत उतरली आणि उतरलेल्या इंग्रजीवर वाद झाला. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. १९०८ च्या खटल्यातही केसरीतल्या लेखांच्या इंग्रजी भाषांतरातले दोष टिळकांनी न्यायालयापुढे सविस्तर मांडले होते. रूप बदलले की अर्थ कसा सरकतो, हे त्यांच्याइतके किंमत मोजून कोणी शिकले नसेल.

स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क आहे, या त्यांच्या घोषवाक्याचा उत्तरार्ध मराठीत ‘तो मी मिळवणारच’ असा आपण म्हणतो. इंग्रजीत तो दोन प्रकारे छापला जातो, कुठे ‘आय शॅल हॅव इट’ तर कुठे ‘आय विल हॅव इट’. शाळेतल्या नियमाने पाहिले, तर ‘शॅल’ नुसते भाकीत करते आणि ‘विल’ निश्चय सांगते. तरी ‘शॅल’ची प्रतच अधिक गाजली आणि ऐकणाऱ्या कोणालाही तिच्यात भाकीत ऐकू आले नाही. नियम वॉलिसचा, पण वाक्याला जोर टिळकांचा. मराठीत हे सगळे ओझे एका ‘च’वर पडते. ‘मिळवीन’ म्हणणारा माणूस उद्या विसरू शकतो. ‘मिळवणारच’ म्हणणाऱ्याला माघार घेता येत नाही.

याच्या उत्तरादाखल आलेले सरकारी इंग्रजी तपासण्यासारखे आहे. २० ऑगस्ट १९१७ रोजी भारतमंत्री माँटेग्यू यांनी ब्रिटिश पार्लमेंटात धोरण जाहीर केले. स्वराज्यसंस्थांचा क्रमशः विकास आणि जबाबदार राज्यपद्धतीची टप्प्याटप्प्याने प्राप्ती, असा त्याचा गाभा. भविष्याबद्दलच्या या घोषणेच्या मुख्य भागात क्रियापदाऐवजी नामे आहेत : विकास, प्राप्ती. नामाला काळ नसतो, कर्ता नसतो, तारीखही लागत नाही. प्रत्येक पावलाची वेळ आणि मापही ब्रिटिश सरकार आणि हिंदुस्थान सरकारच ठरवील, हे मात्र त्यात स्पष्ट होते. पुढची तीस वर्षे भांडण याच गोष्टीचे चालले : कोण देणार आणि कधी. २० फेब्रुवारी १९४७ रोजी अ‍ॅटली यांनी जून १९४८ पूर्वीची मुदत जाहीर केली, तेव्हा या भविष्याला पहिल्यांदा महिना आणि साल मिळाले. त्याच वर्षीच्या स्वातंत्र्याच्या कायद्यात तारीखही आली आणि क्रियापदही. १५ ऑगस्ट १९४७ पासून दोन स्वतंत्र देश स्थापन होतील, असे म्हणताना त्या कायद्याने ‘शॅल’ वापरले. इथे ‘शॅल’ भाकीत करत नव्हते. ते म्हणताच ती गोष्ट होणार होती.

कुळाची १ एप्रिल

कायद्याच्या इंग्रजीतले ‘शॅल’ आपल्या मूळ अर्थाजवळच राहिले आहे. ज्याच्यासाठी ते वापरले, तो देणे लागतो. ‘मे’ आले तर अधिकाऱ्याच्या मर्जीवर, ‘शॅल’ आले तर त्याच्यावर बंधन, ही वाचण्याची साधारण रीत. राज्यघटनेतही ‘शॅल’ पानोपानी आहे. तिच्या मराठी अनुवादात ‘करील’, ‘असेल’, ‘राहील’ अशी साधी भविष्यकाळी रूपे येतात. कायद्याची सवय नसलेल्या वाचकाला ती भाकितासारखी वाटतात. खरे तर ते हुकूम असतात.

कुलाबा जिल्ह्यात या ‘शॅल’चा सर्वांत मोठा परिणाम जमिनीवर झाला. जिल्ह्याच्या भातजमिनींवर सावकार, खोत आणि खारभूमीचे मालक यांचा पगडा होता. पेणला लागून असलेल्या अलिबाग तालुक्यात चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी २७ ऑक्टोबर १९३३ पासून संप केला. नारायण नागू पाटील त्याचे नेते. जमीन पडीक ठेवून कुळांनी तो सहा वर्षे चालवला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडले. १९३९ साली कुळांना पहिले कायदेशीर संरक्षण मिळाले, १९४८ साली मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला, आणि त्याला १९५६ साली जोडलेल्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरवला.

त्या दुरुस्तीतल्या कलम ३२ चे क्रियापद असे : त्या दिवशी, ठरावीक अटींच्या अधीन राहून, प्रत्येक कुळाने आपली जमीन मालकाकडून विकत घेतली आहे, असे मानण्यात येईल. इंग्रजीत ‘शॅल बी डीम्ड टू हॅव परचेस्ड’. पुढे ‘शॅल’ आणि मागे पूर्ण झालेला भूतकाळ. विकत घेण्याची क्रिया कोणीच केलेली नाही. मालकाने सही केली नाही, कुळाने पैसे दिले नाहीत, किंमतही ठरली नाही. तरी १ एप्रिलला खरेदी झालेली असेल. कायद्याने भविष्यात एक भूतकाळ ठेवून दिला आणि ती तारीख येताच तो खरा झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली या तरतुदी वैध ठरवताना हेच सांगितले, की त्या दिवशी मालकाचा हक्क कुळाकडे गेला. किंमत नंतर ठरते आणि तिच्यात कसूर झाली, तर ती खरेदी उलटू शकते.

ही शेवटची अट महागात पडली. कलम ३२ ग खाली किंमत ठरवण्यासाठी कुळाला न्यायाधिकरणापुढे हजर राहावे लागे. नोटीस वाचता न आलेला, मालकाच्या दबावाने न गेलेला किंवा ‘मला जमीन नको’ असे लिहून दिलेला कूळ हातची खरेदी गमावू शके. कायद्याने ‘झाली आहे’ म्हटलेली गोष्ट एका गैरहजेरीने ‘झाली नाही’ ठरे. तलाठ्याकडच्या जुन्या फेरफारांत आणि सातबाऱ्यांत ‘३२ ग’ ही अक्षरे अजून दिसतात. कोकणातल्या अनेक घरांच्या गोष्टी त्यांच्याभोवती आहेत.

याच काळात गागोद्याचे विनोबा गावोगाव चालत होते. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणात पोचमपल्लीला भूदान सुरू झाले. १९५७ पर्यंत पाच कोटी एकर जमीन मिळवायची, हे उद्दिष्ट ठरले. मनाचा पालट होईल, हा त्यामागचा भरवसा. दानपत्रावरचे क्रियापद मात्र ‘देतो’ असे वर्तमानकाळी असे. दानात नोंदलेली बरीच जमीन शेवटी भूमिहीनांपर्यंत पोचली नाही, आणि जी पोचली त्यातली काही कसण्यालायक नव्हती. ‘देतो’ म्हणणे आणि सातबाऱ्यावर नाव लागणे यांमधले अंतर भरायला तलाठी, मोजणी आणि ताबा लागतो. वचनाच्या क्रियापदाने एवढे सगळे होत नाही. दिल्लीत त्याच वर्षांत अर्थमंत्री असलेले रोह्याचे देशमुख पंचवार्षिक योजनेचे आकडे जुळवत होते. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले.

लागण्याचा संभव

कुळाला मालक करणाऱ्या कायद्याच्या आधीपासून आणखी एक कायदा चालू होता. १८९४ चा भूमिसंपादन कायदा. त्याच्या चौथ्या कलमाखालच्या अधिसूचनेत अमुक जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी ‘लागण्याचा संभव आहे’, असे म्हटले जाई. इंग्रजीत ‘लाइकली टू बी नीडेड’. भविष्य बोलण्याचे हे इंग्रजीतले सर्वांत मवाळ रूप. त्यात वचन नाही, निश्चय नाही, धमकीही नाही, फक्त एक शक्यता आहे. पण ती शक्यता राजपत्रात छापली, की सरकारी माणसाला शेतात शिरून मोजणी करण्याचा अधिकार येई आणि जमिनीची किंमत त्या तारखेला गोठे. हरकतीसाठी तीस दिवस. मग सहाव्या कलमाची घोषणा, आणि तिथे ‘संभव’ जाऊन ‘लागते’ असा साधा वर्तमानकाळ येई. जमीन लागते आहे, याचा तो निर्णायक पुरावा मानला जाई. ‘लागण्याचा संभव आहे’पासून ‘लागते’पर्यंत एवढाच प्रवास, पण त्यात शेत हातचे जाई.

२००६ नंतर महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतल्या जमिनींवर अशा अधिसूचना निघाल्या. विरोध सर्वांत तीव्र झाला तो पेणमध्ये, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील बावीस गावांत. ‘लाभक्षेत्र’ हा शब्द स्वतःच एक सरकारी भविष्यकाळ आहे. ज्या जमिनीला पाणी मिळेल, ती जमीन. धरण झाले, तरी कालव्याचे पाणी सगळ्या शिवारांत पोचलेले नव्हते. आधीच्या योजनेने या शेतांना पाणी ‘मिळेल’ म्हटले होते आणि आताची अधिसूचना तीच शेते ‘लागण्याचा संभव आहे’ म्हणत होती. गावकऱ्यांचे म्हणणे साधे होते. पहिले वचन पुरे करा, मग दुसरे बोला.

२१ सप्टेंबर २००८ रोजी जिल्हा प्रशासनाने त्या बावीस गावांतल्या खातेदारांचे मत घेतले. बहुसंख्यांनी जमीन द्यायला नकार दिला. सरकारने निकाल औपचारिकपणे जाहीर केला नाही, पण तो लपलाही नाही. १९८४ च्या दुरुस्तीनुसार सहाव्या कलमाच्या घोषणेनंतर दोन वर्षांत निवाडा झाला नाही, तर संपादन आपोआप रद्द होत असे. म्हणजे सरकारच्या वर्तमानकाळालाही एक मुदत होती. तो प्रकल्प पुढे झाला नाही. या जमिनींतल्या पुष्कळशा अशाच कुळांच्या वंशजांकडे होत्या, ज्यांच्या आजोबांना १ एप्रिल १९५७ च्या ‘मानण्यात येईल’ने मालक केले होते.

राज्यघटनेत अशा फरकाचे एक ठळक उदाहरण आहे. मूळ पंचेचाळिसाव्या अनुच्छेदाने दहा वर्षांच्या आत बालकांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्यासाठी राज्य ‘प्रयत्नशील राहील’ असे म्हटले होते. ‘शॅल’ होते, पण ते देण्याला लागले नव्हते, प्रयत्नाला लागले होते. दहा वर्षे १९६० साली संपली. २००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीने एकविसाव्या अनुच्छेदाला जोडलेल्या नव्या कलमात प्रयत्नाचा शब्द गळला आणि ‘शॅल’ थेट देण्याला जाऊन लागले. अंमल १ एप्रिल २०१० पासून. एक क्रियापद बदलायला अर्धशतक गेले, आणि त्या काळात किती मुले शाळेबाहेर राहिली त्याचा हिशेब कोणत्याही व्याकरणात नाही.

नोटेवरचे वाक्य आजही छापले जाते. शेजारी हिंदीतही असते आणि तिथेही ‘वचन देता हूँ’ असा वर्तमानकाळच आहे. भारत सरकारच्या एक रुपयाच्या नोटेवर मात्र हे वचन नसते. ती नोट स्वतःच रुपया आहे, रुपया देण्याचे वचन नव्हे. वचन ज्याने दिले त्याची सही खाली लागते, ही त्या कागदाची शिस्त. आपल्या तालुक्याच्या कचेरीत यापुढे जी सूचना लागेल, तीही याच शिस्तीने वाचावी. क्रियापद कोणते आहे, कर्ता लिहिला आहे की नाही, तारीख आहे की नाही, आणि खाली सही कोणाची आहे, एवढे पाहून मगच हरकतीच्या अर्जाचा कागद पुढे ओढावा.